रेल्वे स्टेशनच्या सिग्नल पॅनेलवर रूट (गाडीचा ठरवलेला मार्ग) लागत नाही, आधी काय बघायचं?

प्रशिक्षणार्थी: सर, सिग्नलचं आणि रूटचं बटण दाबलं तरी रूट लागल्याचं दाखवणारी पांढरी पट्टी उजळत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर १: दोन्ही बटणं एकत्र दाबून ठेवायची, एकामागून एक नाही. तरीही रूट लागला नाही तर पॉइंटचा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्याचा) दिवा बघा. लुकलुकत असेल तर पॉइंट पूर्ण बसलेला नाही. बऱ्याचदा मध्ये खडी अडकलेली असते.

उत्तर २: ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारी विजेची यंत्रणा) पॅनेलवर लाल असेल तर तिथे गाडी आहे असंच धरा. जागेवर खात्री केल्याशिवाय आणीबाणीच्या बटणाला हात नको, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

उत्तर ३: रूट रद्द करताना आधी सिग्नल लाल करायचा. मग रूट सुटायला साधारण १२० सेकंद थांबावं लागतं. काउंटरचा (असं बटण किती वेळा वापरलं ते मोजणाऱ्या आकड्यांच्या खिडकीचा) वाढलेला आकडा कारणासह लगेच रजिस्टरमध्ये लिहा.