क्लीटचे बूट आणि चवड्याची आग: तुमचा अनुभव सांगा

गेल्या वर्षी मी सायकलची साधी पेडल्स काढून क्लिपलेस बसवली, म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने लावलेली छोटी पट्टी, क्लीट, ज्यात अडकते ती. पाय वेळेवर सुटेल ना, ही धास्ती पंधरा दिवसांत गेली. मग दुसरंच सुरू झालं. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास उजव्या चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग होते आणि चाळिसाव्यापर्यंत मधली दोन बोटं बधीर होतात. थांबून बूट काढला की पाच मिनिटांत सगळं शांत. पुन्हा घालून निघालं की पाऊण तासात पहिले पाढे पंचावन्न.

ज्याला विचारावं तो म्हणतो, सवय होईल. सात महिने मी सवय होण्याची वाट पाहिली. आता नाही पाहवत. सायकल चालवण्यातला आनंदच या आगीपायी जायला लागलाय.

म्हणून विनंती, ज्यांना हा त्रास झाला त्यांनी सविस्तर लिहा. 'पाय दुखायचा' एवढ्यावर थांबू नका. नेमकं कुठे दुखायचं (अंगठा, करंगळी, चवडा, कमान, टाच), किती वेळाने, आणि कशाने थांबलं ते सांगा. जे करून फरक पडला नाही तेही सांगा, त्याचाही उपयोग होतो.

नव्याने येणाऱ्यांसाठी एक खुलासा. पाय चक्क क्लिपमध्ये अडकवायचा आणि नाव मात्र क्लिपलेस, याचं कारण जुनं आहे. पूर्वी पेडलवर पिंजऱ्यासारखी टो क्लिप आणि पट्टा असे, ती यात नाही म्हणून क्लिपलेस. लूक कंपनीने स्कीच्या बाइंडिंगवरून १९८४ मध्ये अशी पेडल्स आणली आणि १९८५ मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने ती वापरून टूर द फ्रान्स जिंकली.

* * *

ताई, सगळ्यात आधी पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची रेघ काढा. उभं राहून, पूर्ण वजन टाकून, आणि संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. मग बुटातला इनसोल काढून त्या आकृतीवर ठेवा. माझ्या आकृतीचा चवडा इनसोलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता. दोन वर्षं मी तो पाय त्या बुटात कोंबत होतो.

त्याआधी केलेली चूक सांगतो, कारण ती बरेच जण करतात. बूट चावतो म्हणून मी एक नंबर मोठा घेतला. युरोपियन मापात एका नंबरचा फरक म्हणजे लांबीत ६.६७ मिलिमीटर. रुंदी त्यामानाने अगदी थोडी वाढते. मला रुंदी हवी होती आणि मिळाली लांबी. टाच बुटात वर-खाली व्हायला लागली, ती धरून ठेवायला मी नकळत बोटं आखडायचो, आणि संध्याकाळी तळव्यात गोळे. शिवाय बूट लांब झाला की क्लीटची भोकंही पुढे सरकतात.

शेवटी नंबर मूळचाच ठेवून रुंद साच्याचा बूट घेतला. शिमानो कंपनीच्या काही बुटांत तोच नंबर रुंद मापातही मिळतो, लेक कंपनीच्याही. पहिल्याच लांब राइडला मी मुद्दाम दर तासाला बोटं हलवून पाहत होतो. सगळी जागी होती.

* * *

माझा त्रास बुटाचा नव्हताच, क्लीटच्या जागेचा होता.

मी बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात, तिथवर चवडा कुरकुरत का होईना साथ द्यायचा. ३०० च्या पहिल्या प्रयत्नात मात्र १८० नंतर दोन्ही पायांना चटके बसू लागले. प्रत्येक कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) बूट काढून फरशीवर पाय टेकवून बसायचो. २३० ला सोडून दिली. पायात ताकद होती, दम होता, पण पेडल दाबवत नव्हतं. त्या रात्रीचं वाईट अजून वाटतं.

मला कधीकाळी सांगितलं होतं की अंगठ्यामागचं हाड बरोबर पेडलच्या दांड्यावर यायला हवं. मी ते तंतोतंत पाळलं होतं. पण करंगळीमागचं हाड अंगठ्याच्या बरंच मागे असतं, त्यामुळे दांडा या दोन हाडांच्या मधोमध आला तर दाब पसरतो. लांब पल्ल्याचे बरेच जण त्याहूनही मागे ठेवतात. मी क्लीट एकूण ८ मिलिमीटर मागे नेली, पण एका दमात नाही, दोन-दोन मिलिमीटर करत चार आठवड्यांत.

करताना तीन गोष्टी सांभाळा. जुन्या क्लीटभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे बिघडलं तर परत येता येतं. क्लीट मागे गेली की पाऊल पेडलवर पुढे जातं, म्हणून सीट थोडी खाली घ्यावी लागते. मला ३ मिलिमीटर घ्यावी लागली. आणि स्क्रू टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा. शिमानोसाठी ५ ते ६ न्यूटन मीटर पुरतात.

पुढच्या मोसमात ३०० पूर्ण केली. चटके आलेच नाहीत असं म्हणणार नाही. अडीचशेनंतर थोडे आले. बुटाचा पुढचा पट्टा सैल केला आणि दर वीस मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारलं, तेवढ्यावर भागलं.

* * *

पुढचा पट्टा! माझा अख्खा अनुभव या दोन शब्दांत आहे. बुटाला पकडायचं असतं ते पावलाच्या वरच्या चढावर आणि टाचेला. बोटांजवळचा पट्टा पाऊल इकडेतिकडे न जाण्यापुरता. मी उलट करत होते, पुढून करकचून आणि वरून सैल. निघतानाच घट्ट केलं की दोन तासांनी पाय फुगल्यावर ते आवळपट्टीसारखं होतं. आता निघताना पुढचा पट्टा नुसता टेकवते.

मोजेही बघा. पाय गारठतो म्हणून मी जाड लोकरी मोजे घालायचे, त्याने बूट आणखी आवळायचा, रक्त कमी पोचायचं आणि बोटं जास्तच गार पडायची. पातळ मोजे आणि बुटावरून कव्हर, याने दोन्ही प्रश्न सुटले.

* * *

तुमच्या वर्णनातली 'मधली दोन बोटं' वाचून लिहितोय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकलही चालवतो.

चवड्यात पाच लांब हाडांची टोकं ओळीने असतात आणि त्यांच्या मधून बोटांकडे जाणाऱ्या नसा जातात. बूट बाजूंनी दाबतो, पेडल खालून दाबतं, आणि नस मध्ये चिमटते. तिसऱ्या-चौथ्या बोटामधली नस यात सगळ्यात जास्त सापडते. नुसती चिमटली असेल तर बूट काढल्यावर थोड्या वेळात बरं वाटतं, तुमचं तसंच आहे. पण असंच वर्षानुवर्षं चाललं तर नसेभोवतीचा भाग जाड होतो, त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. मग साधं चालतानाही बुटात खडा असल्यासारखं वाटतं. म्हणून 'सवय होईल' या सल्ल्याची मला चीड येते. नसेला दाबाची सवय होत नसते.

मेटाटार्सल पॅड नावाचा थेंबाच्या आकाराचा छोटा उंचवटा मिळतो. तो इनसोलवर चिकटवायचा, पण दुखतं त्या जागेवर नाही, त्याच्या थोडा मागे, टाचेच्या बाजूला. त्याने हाडांची टोकं किंचित फाकतात आणि नसेला जागा मिळते. नेमक्या दुखऱ्या जागी लावला तर त्रास वाढतो, आणि 'पॅडचा काही उपयोग नाही' म्हणणाऱ्या पुष्कळांनी तो तिथेच लावलेला असतो.

सायकलवरून उतरल्यावर तासाभरानेही बधिरपणा राहत असेल, रात्री पाय जळत असतील, किंवा सायकल न चालवताही मुंग्या येत असतील, तर बूट-क्लीटचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना पाय दाखवा.

* * *

वरच्या शेवटच्या वाक्यात मी भर घालतो. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि ते हौसेने सायकल चालवतात. त्यांची बोटं बधीर व्हायची आणि आम्ही घरातले सगळे बुटाला दोष देत राहिलो. एकदा मोजा काढला तर करंगळीवर फोड फुटून जखम झालेली. त्यांना पत्ताच नव्हता, कारण दुखलंच नव्हतं. मधुमेह असेल तर प्रत्येक राइडनंतर पाय डोळ्यांनी पाहायचे, तळवे आरशात. वडील आता सैल बूट आणि सपाट पेडल वापरतात आणि त्यांचे पाय रोज मी स्वतः बघतो.

* * *

माझं अगदी छोटं. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत टोचायचं. इनसोल उचलून पाहिलं तर क्लीटचा एक स्क्रू लांब होता आणि त्याचं टोक आतून वर आलं होतं. स्क्रू बदलला, त्रास संपला. काहीही विकत घेण्याआधी इनसोल उचलून आत हात फिरवा.

* * *

डाव्या पायाची बाहेरची कड आणि करंगळी. बाकी कुठेच नाही.

हे बरेच महिने कोणालाच उलगडत नव्हतं. बूट पुरेसे रुंद होते, कागदावर आकृती काढूनही पाहिली होती. मग एका जाणत्याने मला टेबलावर बसवून पाय मोकळे लोंबकळत सोडायला सांगितलं. उजवा सरळ लोंबला, डावा बाहेर वळलेला. आणि माझ्या क्लीट होत्या पूर्ण स्थिर, फ्लोट (पाय थोडा वळण्याची मुभा) नसलेल्या. म्हणजे पायाला बाहेर वळायचंय आणि क्लीट वळू देत नाही. तेव्हा पाऊल बुटातल्या बुटात वळून करंगळी कडेवर घासत होती.

क्लीटचे रंग नीट वाचा, कारण त्यात फसायला होतं. शिमानोच्या एसपीडी-एसएल या पेडल्समध्ये लाल म्हणजे ० अंश फ्लोट, निळी २, पिवळी ६. लूक किओमध्ये काळी ०, राखाडी ४.५ आणि लाल ९. एकीकडे लाल म्हणजे अजिबात हालचाल नाही, दुसरीकडे लाल म्हणजे सगळ्यात जास्त. माझ्या आधीच्या सायकलवर लूक होती, शिमानो घेताना सवयीने लाल मागितली, तिथेच घात झाला.

पिवळी लावली, डाव्या क्लीटचा कोन थोडा बदलला. करंगळी दोन आठवड्यांत शांत झाली, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जी बारीक कळ यायची तीही गेली. तिचा याच्याशी संबंध असेल हे मनातही आलं नव्हतं.

* * *

कार्बन सोल घेण्याआधी विचार करा. माझ्या नायलॉनच्या सोलमध्ये थोडी लवचिकता होती, कार्बनमध्ये शून्य. रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट चवड्यात. आतला कारखान्याचा इनसोल काढून कमानीला आधार देणारा घातला तेव्हा कुठे सुसह्य झालं. कमान खाली बसते तेव्हा पाऊल लांब आणि रुंद होतं आणि तोच बूट लहान पडायला लागतो, हे मला फार उशिरा समजलं.

* * *

माझा अनुभव याच्या बरोबर उलटा आहे म्हणून लिहिते. माउंटनची छोटी दोन-स्क्रूची क्लीट आणि मऊ सोल असे माझे बूट होते. मऊ सोल पेडलवर वाकायचा आणि सगळा भार त्या छोट्या तुकड्यावर यायचा, पेडलचा आकार पायाला कळायचा. कडक सोलचे बूट घेतल्यावर आग थांबली. त्यामुळे कार्बन चांगला की वाईट हे तुमची क्लीट केवढी आणि इनसोल कसला यावर ठरतं.

आणि जड गिअर! मी चढावर ५५-६० च्या कॅडन्सने (मिनिटाला पेडलचे फेरे) रेटत असे. तीच चाल ८०-८५ ने ठेवली की प्रत्येक दाबातला जोर कमी होतो. हा बदल फुकट आहे, आधी हाच करून पाहा.

* * *

मी क्लिपलेस सोडली. तीन बूट झाले, क्लीट मागे-पुढे झाली, पॅड झाला. पाय काही ऐकेना. आता खिळ्यांची सपाट पेडल्स आणि रुंद, मोकळे बूट. पाय हवा तसा सरकवता येतो, एका जागी दाब साचत नाही. शंभर किलोमीटर आरामात होतात. एवढ्या सगळ्यांनी उपाय लिहिलेत म्हणून हाही लिहितोय, क्लिपलेस जमलीच पाहिजे असं मनावर घेऊ नका.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांत काय केलं ते सांगते. आत हात फिरवला, स्क्रू ठीक होते. क्लीट ४ मिलिमीटर मागे घेतली, सीट जराशी खाली. पुढचा पट्टा नुसता टेकवलेला, मोजे पातळ. काल ६२ किलोमीटर केले. उजव्या पायाला आग पन्नासनंतर आली आणि ओळखू येईल न येईल इतकीच. बोटं बधीर झाली नाहीत, एकदाही बूट काढावा लागला नाही.

कागदावर दोन्ही पायांची आकृती काढली तेव्हा उजवा डाव्यापेक्षा ५ मिलिमीटर रुंद निघाला. इतक्या वर्षांत हे लक्षातच आलं नव्हतं. आता फक्त उजव्या बुटात, दुखऱ्या जागेच्या थोडा मागे पॅड लावून पाहते. फिजिओथेरपिस्ट दादा, तो मोज्याच्या बाजूला लावायचा की इनसोलच्या खालून, तेवढं सांगाल का?