मदत हवी आहे: लंडनच्या घरात लाकडाचा स्टोव्ह, स्मोक कंट्रोलमध्ये नेमका कोणता चालतो?

पिंपळपार

नमस्कार मंडळी. यूकेतले बरेच जण इथे येऊन-जाऊन असतात, म्हणून धागा काढतोय.

हॅरोच्या बाजूला आमचं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. पुढच्या खोलीत जुनी फायरप्लेस आहे. आधीच्या मालकांनी ती विटा लावून बुजवली, वर धुराडं मात्र शाबूत दिसतं. गॅसचं सेंट्रल हीटिंग आहे, ते राहणारच. पण थंडीत संध्याकाळी आम्ही सगळे त्या एकाच खोलीत असतो आणि तेवढ्यासाठी अख्खं घर तापवायचं म्हणजे बिल बघूनच घाम फुटतो. त्यात मागच्या हिवाळ्यात रात्री वीज गेली आणि तिच्याबरोबर बॉयलरही बसला. तेव्हापासून बायकोने लाकडाच्या स्टोव्हचं फारच मनावर घेतलंय.

आमचा भाग स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे धुराड्यातून धूर सोडायला बंधनं असलेल्या भागात येतो, हे काउन्सिलच्या नकाशावर पाहून झालं. घोळ पुढेच आहे. दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने ८ किलोवॉटचा मल्टीफ्युएल (लाकूड-कोळसा दोन्ही जाळणारा) स्टोव्ह गळ्यात मारायचं बघितलं. त्याचं म्हणणं, यावर इकोडिझाइनचा शिक्का आहे ना, मग इंग्लंडात कुठेही लावा. नेटवर वाचावं तर लोक म्हणतात ‘डेफ्रा एक्झेम्प्ट’च हवा, म्हणजे डेफ्रा या सरकारी पर्यावरण खात्याने सूट दिलेला. कुणी क्लिअरस्काइजची लेव्हल बघा म्हणतो, कुणी हेटास. हे सगळं एकच आहे की चार वेगवेगळ्या भानगडी?

खोली ४.२ बाय ३.६ मीटर, उंची २.५. बजेट बसवण्यासकट साडेतीन हजार पौंडांपर्यंत. नुसता लाकडाचा घ्यावा की मल्टीफ्युएल? पलीकडच्या गल्लीत झाडं तोडणारा एक जण ओंडके फुकट न्या म्हणतोय, ते चालतील का? आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, धाकट्याला लहानपणी दमा होता, हल्ली पंप क्वचित लागतो.

जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

खारीक

आजी आयुष्यभर चुलीच्या धुरात डोळे चोळत राहिली, गॅस आला तेव्हा तिने पेढे वाटले. आणि नातू साडेतीन हजार पौंड मोजून परत लाकडं पेटवणार. चालू द्या. :)

वाचनखूण साठवली आहे, आमच्याकडेही हाच विषय निघालाय.

विटकरी

माझं काम घरांच्या सर्व्हेचं आहे, त्यामुळे असले स्टोव्ह आठवड्याला बघण्यात येतात. लिहितोय ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड-वेल्समध्ये थोडा फरक आहे.

दुकानदाराचं बोलणं अर्धंच खरं आहे. इकोडिझाइन आणि एक्झेम्प्शन या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. इकोडिझाइन १ जानेवारी २०२२ पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या स्टोव्हला लागू झालं. बंद दाराच्या स्टोव्हमधून निघणाऱ्या वायूत कण घनमीटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, कार्बन मोनॉक्साइड १५०० मिलिग्रॅमच्या आत, कार्यक्षमता किमान ६५ टक्के, अशा त्याच्या अटी. पण ही मापं स्टोव्ह ठरल्या ताकदीने मस्त जळत असतानाची. डेफ्राची परीक्षा हवा कमी करून आच मंद ठेवल्यावर किती धूर निघतो तेही बघते. घरोघरी खरा त्रास तिथेच होतो. रात्री झोपताना लोक हवा पूर्ण बंद करतात आणि लाकूड पहाटेपर्यंत धुमसत राहतं. म्हणून एक्झेम्प्ट मॉडेलमध्ये बहुतेक वेळा हवेच्या पट्टीला एक छोटा अडसर असतो. पट्टी कितीही ढकला, शेवटची फट बंद होत नाही. तेवढ्या फटीतून काचेवर हवा येत राहते आणि धुरातले वायू जळून जातात.

तेव्हा स्मोक कंट्रोल एरियात सरपण जाळायचं तर स्टोव्ह डेफ्राच्या एक्झेम्प्ट यादीत असायलाच हवा. यादी सरकारी संकेतस्थळावर आहे. नुसतं कंपनीचं नाव बघून थांबू नका, मॉडेलचं पूर्ण नाव अक्षरन् अक्षर जुळवा आणि कुठल्या इंधनासाठी सूट आहे तेही वाचा. क्लिअरस्काइज ही उद्योगाची स्वतःची श्रेणी आहे. लेव्हल २ म्हणजे इकोडिझाइन, लेव्हल ३ पासून पुढे इकोडिझाइन अधिक एक्झेम्प्शन, ४ आणि ५ त्याहून स्वच्छ. तुम्ही ५ च्या खाली बघूच नका, किमतीत म्हणावा तसा फरक नसतो. हेटास ही प्रामुख्याने बसवणाऱ्या कारागिरांची नोंदणी करणारी संस्था. तिचा नोंदलेला माणूस काम करून स्वतःच प्रमाणपत्र देऊ शकतो, नाहीतर काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी अर्ज करावा लागतो.

आता ८ किलोवॉट. तुमच्या खोलीचं घनफळ ३७.८ घनमीटर. साधारण इन्सुलेशन असेल तर १४ ने भागायचं असा इथला ढोबळ हिशेब आहे, म्हणजे २.७ किलोवॉट. ८ चा लावलात तर अर्ध्या तासात खिडक्या उघडून बनियनवर बसाल, मग हवा दाबाल, मग काच काळी पडेल आणि धुराड्यात डांबरासारखा थर धरेल. आगी लागतात त्या त्या थराला. शिवाय जुन्या घरात ५ किलोवॉटपर्यंत भिंतीला कायमचा व्हेंट लागत नाही. त्यावर प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर, म्हणजे ८ च्या स्टोव्हला १६५० चौरस मिलिमीटरचं भोक. उष्णतेसाठी स्टोव्ह घ्यायचा आणि त्याच्यासाठी भिंतीतून थंड वारा आत घ्यायचा! ४ च्या आसपासचा छोटा बघा आणि तो सणसणीत जाळा.

मल्टीफ्युएलची तुम्हाला गरज दिसत नाही. लाकूड राखेच्या गादीवर, वरून आलेल्या हवेवर चांगलं जळतं. कोळशाच्या प्रकारांना जाळी आणि खालून हवा लागते. दोन्ही जमवणारा स्टोव्ह कशालाच धड नसतो, असं माझं मत, इतरांचं वेगळं असू शकेल. साधा घरगुती दगडी कोळसा तर आता मिळतही नाही. पिशवीतली विक्री १ मे २०२१ ला थांबली, सुट्याची १ मे २०२३ ला.

दंडाबद्दल कुणी विचारण्याआधी: धुराड्यातून बराच धूर दिसला तर काउन्सिल १७५ ते ३०० पौंड लावू शकते. २०२१ च्या एन्व्हायर्न्मेंट अ‍ॅक्टपासून ही पद्धत आहे. मूळ कायदा १९५६ चा, १९५२ च्या डिसेंबरात लंडन स्मॉगमध्ये घुसमटलं त्यानंतरचा. सध्या त्याचं १९९३ चं रूप लागू आहे.

सुमेधा_रेस्पी

विटकरींनी तांत्रिक बाजू छान सांगितली. मी छातीच्या वॉर्डात नर्स आहे, मला त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचंय, दम्याच्या.

‘क्लीन बर्निंग’ हे जुन्या उघड्या शेकोटीच्या तुलनेत स्वच्छ, एवढंच. गॅस बॉयलर किंवा विजेच्या हीटरशेजारी ठेवलात तर लेव्हल ५ चा स्टोव्हही कितीतरी पट कण सोडतो. आणि ते सगळे धुराड्यातून शेजाऱ्याकडे जातात असं समजू नका. शेफील्ड विद्यापीठाने २०२० साली घराघरांत मोजमाप केलं होतं. लाकूड टाकायला दार उघडलं की खोलीत कण एकदम वाढतात, जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा. मुलगा त्याच खोलीत अभ्यासाला बसणार ना? त्याच्या अस्थमा नर्सशी आधी बोला. त्याला पुन्हा नियमित पंप लागायला लागला तर साडेतीन हजार पौंड भिंतीत अडकलेले असतील.

एकच खोली तापवायची तर रेडिएटरना टीआरव्ही (प्रत्येक रेडिएटरचं तापमान वेगळं ठरवणारा व्हॉल्व्ह) बसवून बाकीच्या खोल्या कमीवर ठेवा. त्याला फार तर दीडदोनशे पौंड जातील. सरसकट कुणी घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. वेल्समध्ये डोंगरात गॅसची लाइन नसलेल्या घरात माझ्या मैत्रिणीकडे आहे आणि तिथे तो शोभतो. हॅरोत गॅस असताना मला पटत नाही.

पिंपळपार

खारीक, आजीचा मुद्दा आमच्या आईनेही फोनवर काढला. :)

सुमेधाताई, परखड लिहिलंत ते बरं केलंत. टीआरव्ही या महिन्यातच बसवून घेतो, ते कुठल्याही परिस्थितीत उपयोगाचेच. अस्थमा नर्सची भेट ठरलीच आहे, तिथे विचारतो. ती नको म्हणाली तर विषय संपला. पण घरात दुसऱ्या पक्षाचं बहुमत आहे, म्हणून माहिती काढून ठेवतो.

विटकरी, तुम्ही म्हणालात तसं यादीत शोधलं. गंमत म्हणजे दुकानातल्या मॉडेलचं नाव यादीत आहे, पण पुढे ‘एसई’ लावलेलं. दुकानातल्या पाटीवर ते एसई नव्हतं. फोन करून विचारलं तर म्हणे, दोन्ही एकच, एसईचं किट नंतरही बसवता येतं. खरं का हे?

विटकरी

काही कंपन्या स्मोक कंट्रोल किट देतात हे खरं. पण ‘नंतर बसवू’ म्हणजे कोण बसवणार आणि लिहून कोण देणार? यादीत आहे ते एसई, तर बिलावर आणि स्टोव्हच्या मागच्या पत्र्याच्या पाटीवर एसईच असलं पाहिजे. देत नसेल तर दुकान बदला. उद्या काउन्सिलचा माणूस आला तर तो पाटी वाचेल, दुकानदाराला फोन लावणार नाही.

आणि स्टोव्ह ठरवण्याआधी धुराडं बघून घ्या. बजेट तिथे संपतं. स्वीपला, म्हणजे धुराडी साफ करणाऱ्याला बोलावून साफ करून घ्या, आतून कॅमेरा आणि धुराची चाचणी करा. तुमच्या काळातल्या घरांत आतला गिलावा पडलेला असतो, मग धुराड्यात आतून घालायची स्टेनलेस स्टीलची नळी, म्हणजे लायनर आला. त्यात विटा काढल्यावर लिंटेल (फायरप्लेसच्या तोंडावरची आडवी तुळई) खाली निघालं, तर गवंडीकाम वाढतं. मचाण बांधावं लागलं तर त्याचा खर्च वेगळा.

माईणमुळा

लाकडांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही लेस्टरला, आमच्याकडे बरीच वर्षं स्टोव्ह आहे.

फुकटचे ओंडके घ्या, पण या हिवाळ्यासाठी नव्हे. नुकतं तोडलेलं लाकूड निम्मं पाणीच असतं. ओक असेल तर फोडून, रचून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळता ठेवून दोन उन्हाळे काढावे लागतात. अ‍ॅश झाडाचं लाकूड लवकर वाळतं. जागा आहे का तेवढी? आमचं अर्धं परसदार सरपणाने अडलंय, नवऱ्याची गुलाबं गेली. दुकानातून घेताना ‘रेडी टू बर्न’चा शिक्का बघा. दोन घनमीटरच्या आतली खरेदी असेल तर ओलावा २० टक्क्यांच्या आत असणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ओलावा मोजायचं यंत्र वीस पौंडांत येतं. त्याचे काटे लाकडाच्या बाहेरच्या बाजूला खुपसू नका, बाहेरून सगळीच लाकडं कोरडी दिसतात. ढलपी मधोमध फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला, रेषांच्या दिशेने टोचा. आमच्या एका पुरवठादाराची शिक्केवाली लाकडं अशी फोडल्यावर २७ दाखवत होती. परत पाठवली.

रंगवलेली फळी, जुनं फर्निचर, पॅलेट काही टाकायचं नाही. एक्झेम्प्ट स्टोव्ह असला तरी सूट ठरलेल्या इंधनालाच असते.

पेटवायची पद्धतही वेगळी. आपल्याला बंबाची सवय, खाली कागद-काटक्या आणि वर लाकूड. इथे उलटं करा. तळाला दोन जाड ढलप्या, वर बारीक काटक्या, सगळ्यात वर पेटवण. ज्योत वरून खाली उतरते, धूर तिच्यातून जाताना जळतो. पहिल्या दहा मिनिटांत जो भपकारा सुटतो तो जवळजवळ नाहीसा होतो. शेजारी तक्रार करतात ती याच दहा मिनिटांची.

अजून एक, आपल्या घरांतलं. स्वयंपाकघर पुढच्या खोलीला लागून आहे का? आमचा एक्झॉस्ट दणकट आहे. मिरचीच्या फोडणीला तो फुल करते आणि तिकडे स्टोव्हचं दार उघडलं की धूर धुराड्याऐवजी खोलीत येतो. बसवणाऱ्याने चाचणी पंखा बंद ठेवून केली होती. तुम्ही तुमच्याकडे पंखा पूर्ण वेगात लावून, दारं-खिडक्या बंद करूनच चाचणी करायला लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत सक्तीचा आहे, स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर. तो शोभेचा नाही.

पिंपळपार

माईणमुळाताई, एक्झॉस्टचं डोक्यातही आलं नव्हतं. आमचं स्वयंपाकघर लागूनच आहे, मधलं दार काढून टाकलेलं.

सध्याचं ठरलं ते असं: आधी नर्सचं मत, मग स्वीप आणि कॅमेरा, आणि दोन्हीकडून हिरवा कंदील मिळाला तर ४ किलोवॉटचा, नुसत्या लाकडाचा, लेव्हल ५ चा, यादीत अक्षरन् अक्षर सापडणारा. ८ वाल्याला नको म्हणून कळवलं. एकच राहिलं, लायनर ३१६ ग्रेडच्या स्टीलचा घ्यावा की ९०४? आणि पाच इंची चालेल का सहा इंचीच हवा?

विटकरी

नुसतं कोरडं लाकूड जाळणार असाल तर ३१६ चालतो. पुढेमागे कुणी स्मोकलेस इंधन (कमी धुराचा तयार कोळसा) टाकायची शक्यता असेल, किंवा स्टोव्ह महिनोन् महिने बंद राहणार असेल, तर ९०४ घ्या. आम्ल त्याला कमी खातं. एक्झेम्प्ट स्टोव्हला १२५ मि.मी. म्हणजे पाच इंची लायनर नियमात बसतो, एक्झेम्प्ट नसेल तर १५० लागतो. स्टोव्हच्या तोंडापेक्षा लहान मात्र कधीच नको. तुमच्या धुराड्यात सहा इंची सहज उतरत असेल तर तोच घाला म्हणजे पुढचा स्टोव्ह निवडताना हात बांधलेले राहणार नाहीत.

मधलं दार काढलंय म्हणता, तर चाचणीच्या दिवशी पंखा चालू ठेवायचं विसरू नका. काम झालं की विजेच्या मीटरजवळ नोटिस प्लेट लावून घ्या, तिच्यावर लायनरचा प्रकार, व्यास आणि तारीख असते. हेटासचं प्रमाणपत्र घराच्या कागदांत ठेवा, विकताना समोरचा वकील मागतोच. इन्शुरन्सवाल्यांनाही आधीच कळवा.