फक्त पिन बदलायची की अख्खं कार्ट्रिज?

लातूरचा तवा
वडिलांचा टर्नटेबल माळ्यावरून काढला, पट्टा नवा टाकला, आता फिरायलाय झकास. पण एलपी शेवटाकडे गेली की गाणाऱ्याचा 'स' नि 'श' नुसता फिसकारतो. कार्ट्रिज, म्हणजे पिन धरणारी टोकाची डबी, शुअरचं, एम७५. शुअरनं २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदाच बंद केला. माझं मत, जुन्याला कवटाळू नये. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई घ्यावं. कुणाला पटत नसेल तर बोला.

गोदाकाठ, नांदेड
मला नाही पटत. तुमच्या कार्ट्रिजात चुंबक पिनेच्या दांडीवर असतो, कॉइल तेवढी अंगात, म्हणजे मागच्या डबीत. पिन बदलली की हलणारं सगळंच नवं झालं. माळ्यावर मे महिन्याच्या उन्हात कडक झालं असेल ते दांडीला धरणारं रबरसुद्धा पिनेतच. जपानची जिको अजून एम७५ला पिना बनवते. आधी कार्ट्रिजच्या मागच्या टोकांना मल्टीमीटर लावा: पांढरी-निळी जोडी डावी, लाल-हिरवी उजवी. दोन्हीकडे ओहम जवळपास सारखे आले तर अंग शाबूत.

लातूरचा तवा
जिकोच्या भारीतल्या पिनेच्या पैशात अख्खं ९५ई येतं की!

बीडचा बाप्पा
बाप्पा, मुळात ९५ईचं लंबगोल टोक कशाला? रेकॉर्डी जुन्या बाजारातल्या असतील, दहा घरं फिरलेल्या. ऑडिओ-टेक्निकाच्याच हिशोबानं गोल टोक ५०० तास चालतं, लंबगोल ३००. रोज तासभर ऐकलं तर वर्षसुद्धा निघत नाही. गोल टोकाचं ९५सी घ्या नि निवांत ऐका. (मी आठ वर्षं गोल टोकावरच आहे. कान शाबूत आहेत.)

गोदाकाठ, नांदेड
तुमचे कान शाबूत असतील हो, पण त्यांचा 'स' फिसकारायलाय त्याचं काय? तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरची खाच सेकंदाला साधारण ५० सेंमी सरकते नि आतली जेमतेम २०. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्या बारीक वळणात गोल टोक बसत नाही. इथं लंबगोलच हवं. माझं भांडण टोकाशी नाही, अंग फेकण्याशी आहे.

परभणीकर
दोघंही थांबा. कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या खोबणीत, तिरकं बसलंय का ते बघितलं का? कोन जुळवायचा कागदी प्रोट्रॅक्टर छापून घ्या, फुकटात 'स' सुधारला तर सगळी चर्चाच संपली. पिनेचं रेकॉर्डवर पडणारं वजनही बघा. ९५ईला २ ग्रॅम लागतं. अंदाजानं ठेवू नका, छोटा डिजिटल काटा आणा.

लातूरचा तवा
प्रोट्रॅक्टर लावला. कार्ट्रिज तिरकं होतंच. सरळ केल्यावर फिसकारणं कमी झालं, गेलं नाही. मीटरवर दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे गोदाकाठ, तुमचं अंगाबद्दलचं खरं निघालं. तरी ९५च मागवतोय. आजोबांचे मिनिटाला ७८ फेऱ्यांचे भजनाचे तवे आहेत, त्यांची खाच रुंद, साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन लागते. ९५च्या एकाच अंगावर ई नि ७८वाली एसपी, दोन्ही बसतात.

गोदाकाठ, नांदेड
७८चं आत्ता सांगताय होय! जिकोकडं तीही पिन मिळते की. बरं, ते शुअरचं अंग फेकू नका. मला द्या.