बटण-स्टार्ट टेम्पो चालवणाऱ्यांनो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तुर्भ्याच्या गोदामातून माल भरून घणसोली, ऐरोली, कळवा अशी फेरी मारतो. शेठनी महिन्यापूर्वी नवी गाडी दिली. चावी नाही, तिच्याऐवजी रिमोट खिशात ठेवायचा आणि ब्रेक दाबून बटण दाबायचं. हात अजून सवयीने स्टिअरिंगखाली चाचपडतो, ते जाऊ द्या.

खरी अडचण उतरण्याची. दिवसाला ४० वेळा तरी चढउतार. पूर्वी चावी काढली की गाडी बंद, विषय संपला. परवा घणसोलीत पार्सल घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो, रिमोट खिशात, आणि खाली इंजिन चालूच! रिमोट लांब गेला तरी चालू गाडी बंद पडत नाही, हे तेव्हा कळलं. कुणी नेली असती तर शेठला काय तोंड दाखवलं असतं? बटण दाबायचं लक्षात राहावं म्हणून तुम्ही काय करता?

दुसरं, मधूनच ‘रिमोट सापडत नाही’ असं दाखवते. २०३२ नंबरचा नवा सेल टाकला, तरी तेच. रिमोट बटणाला टेकवला की मात्र लगेच सुरू होते. मोबाइल आणि रिमोट एकाच खिशात असतात, त्यामुळे होत असेल का? शोरूमवाले नुसतं ‘गाडी घेऊन या’ म्हणतात. एक दिवस गाडी उभी म्हणजे माझा रोज बुडाला.