'निर्घृण' नेमकं कोणाला म्हणायचं?

काल रात्री गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' (१९८३) हा चित्रपट पुन्हा पाहिला. त्यात वेलणकर हा पोलीस अधिकारी (ओम पुरी), आणि रामा शेट्टी हा गुंड (सदाशिव अमरापूरकर). भावाला लिहिताना वाक्य आलं, 'शेवटी वेलणकर रामा शेट्टीचा निर्घृण खून करतो.' लिहिलं आणि शब्द खुपला. घृणा म्हणजे किळस, तिरस्कार. वेलणकरच्या मनात शेट्टीबद्दल घृणा तर काठोकाठ भरलेली आहे. मग तो 'निर्घृण' कसा? आणि बातम्यांमध्ये रोज दिसणारा 'निर्घृण खून' आला कुठून?

— शंका रास्त आहे. संस्कृतात घृणा या शब्दाला दोन अर्थ आहेत. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश दोन्ही देतो: जुगुप्सा आणि करुणा. मराठीत सुटा शब्द पहिल्या अर्थानं राहिला, 'निर्घृण' मात्र दुसऱ्या अर्थावर उभा आहे. निर्घृण म्हणजे ज्याच्यात करुणा नाही तो. रघुवंशाच्या अकराव्या सर्गात ताटका राक्षसी समोर येते, तेव्हा राम बाणाबरोबरच स्त्रीवधाबद्दलची घृणाही सोडतो, असं कालिदास म्हणतो. हात कचरत होता, तो कचरणं संपलं. हा अर्थ मनात ठेवून 'निर्घृण' वाचा, शब्द लख्ख होतो.

बातम्यांमध्ये तो जखमांच्या संख्येवर ठरतो. वार जास्त म्हणजे खून निर्घृण. मला हे पटत नाही. शब्द मारणाऱ्याच्या मनाबद्दल आहे.

म्हणूनच तुमचं वाक्य चुकलं असं मला वाटतं. कोठडीत वेलणकर एका किरकोळ चोराला मरेपर्यंत मारतो, तेव्हा ओम पुरींचा चेहरा बघा. जबडा आवळलेला, डोळे त्या चोराच्या पलीकडे कुठंतरी. बाप, वरिष्ठ, शेट्टी, सगळ्यांचा राग त्या एका अंगावर निघतोय. हे क्रूर आहे, अमानुष आहे, पण निर्घृण नाही. या माणसाची करुणा मेलेली नाही, ती त्याला जाळतेय. निर्घृण आहे तो रामा शेट्टी. सदाशिव अमरापूरकर आवाज चढवत नाहीत, घाई करत नाहीत. माणसाच्या जिवाबद्दल व्यवहार बोलावा तसं बोलतात. त्यांच्या हाती रक्त लागलेलं दिसत नाही, तरी शब्द त्यांनाच शोभतो.

— 'हिंस्र' चालेल का वेलणकरला?

— त्या कोठडीतल्या क्षणापुरता चालेल. हिंस्र हा श्वापदाचा स्वभाव, म्हणून माणसाला लावला की तो माणूसपणातून उतरल्यासारखा वाटतो. चित्रपटाला मात्र 'हिंसक' म्हणा. 'हिंस्र चित्रपट' कानाला बरा लागत नाही.

— आणि अमरापूरकरांच्या कामाला 'थंड अभिनय' म्हटलं तर?

— नका म्हणू. मराठीत थंड अभिनय म्हणजे निर्जीव, पडलेला. 'थंडपणे धमकावतो' ठीक, कारण तिथं थंडपणा पात्राचा आहे. अभिनयाला 'संयत' म्हणा. ओम पुरींसाठी 'अंगावर येणारा' हाच शब्द. त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची. हिंदी संवादांतही वेलणकर मराठी घरातलाच वाटतो, ते त्यामुळे.

— पटलं. भावाला दुसरं वाक्य पाठवलं: 'निर्घृण शेट्टीचा गळा वेलणकर स्वतःच्या हातांनी आवळतो, आणि स्वतःच ठाण्यात हजर होतो.'