गँट चार्टची प्रिंट भिंतीवर लावून प्रोजेक्ट ट्रॅक होतं का?

टूलरूम_भोसरी :
भोसरी एमआयडीसीत आमची टूल रूम आहे, गाड्यांच्या शीटमेटल पार्टच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवतो आणि प्लॅनिंग मी बघते. गेल्या आठवड्यात आमच्यात यावरून चांगलाच वाद झाला म्हणून इथे विचारतेय. साहेबांचं म्हणणं असं की मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधून गँट चार्टची, म्हणजे कुठलं काम कधी ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्याची, ए-थ्री प्रिंट काढा, दर सोमवारी भिंतीवर लावा, बास, बाकीचे व्ह्यू (त्याच माहितीची वेगवेगळी चित्रं) न् रिपोर्ट म्हणजे नुसता वेळ घालवणं. मला हे अजिबात पटत नाही, कारण फक्त गँट बघत बसलो म्हणून आम्ही एक अख्खी ट्रायल, म्हणजे डाय चालवून बघायची ठरलेली वेळ, घालवलीय.

झालं असं की सहा डायचं काम होतं. गँटमधे प्रत्येक डाय सुटी सुटी बघितली तर सगळं व्यवस्थित, डिझाइन, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट, वायरकट, असेंब्ली, ट्रायल, पट्ट्या कशा पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या. पण वायरकट मशीन (तारेनं धातू कापणारं) आमच्याकडे एकच, आणि तीन डायचं वायरकट नेमकं एकाच आठवड्यात येत होतं. त्या तीन पट्ट्या प्रिंटमधे तीन वेगवेगळ्या पानांवर, मग कुणाच्या डोळ्यात येणार? त्या टास्कसमोर इंडिकेटरच्या कॉलममधे लाल माणूस येतो खरा, काम झेपण्यापेक्षा जास्त लागलंय हे सांगायला, पण पानात बसावं म्हणून तो कॉलमच आम्ही प्रिंटमधून काढलेला. नंतर मी त्याच फाइलचा रिसोर्स ग्राफ उघडला तर त्या आठवड्यावर वायरकटचा खांब लाल आणि आकडा ३००%, म्हणजे एका मशीनवर तिघांचं काम. तोपर्यंत दोन डाय मशीनसमोर पॅलेटवर पडून होत्या आणि कस्टमरचे फोन चालू झाले होते.

डेटा तोच होता हो, विचारलेला प्रश्न चुकीचा होता. गँट सांगतो काम कधी, रिसोर्स ग्राफ सांगतो कुणाच्या डोक्यावर किती, आणि आपण किती घसरलो ते ट्रॅकिंग गँट सांगतो, तेही आधी बेसलाइन, म्हणजे मूळ प्लॅनच्या तारखा, सेव्ह केली असेल तरच. आमच्याकडे ती कुणीच केली नव्हती, त्यामुळे तारीख पुढे ढकलली की पट्टी पण गुपचूप पुढे सरकायची आणि प्लॅन कायम वेळेवरच दिसायचा. मग दर सोमवारी आम्ही भिंतीवर काय बघत होतो?

हिंजवडी_फेज२ :
मी साहेबांच्या बाजूनं. अकरा वर्षं आयटीत काढली, जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर), डॅशबोर्ड, बर्नडाउन (किती काम उरलंय ते दाखवणारी उतरती रेघ), सगळं वापरून झालंय आणि माझा अनुभव असा की व्ह्यू वाढले की सत्य पण वाढतात. आमच्या एका रिलीजला मॅनेजरचा डॅशबोर्ड हिरवागार, टेस्टिंगवाल्यांचा बोर्ड वेगळंच सांगतोय, क्लायंटला जाणारा रिपोर्ट तिसरंच, आणि तिघंही आपापल्या परीनं बरोबर कारण प्रत्येकाचा फिल्टर वेगळा. मॅनेजरचा फिल्टर होता टीममधल्या माणसांच्या नावाचा. आता ज्या टास्कला कुणाचंच नाव नाही ती त्या फिल्टरमधे येणारच कशी? अशी नऊ कामं होती, त्यात डेटा मायग्रेशनची, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टिममधे नेण्याची, स्क्रिप्ट पण होती, आणि ती कुठल्याच डॅशबोर्डवर नव्हती. रिलीजच्या आदल्या रात्री कळलं. साधी एक यादी असती ना, वरपासून खालपर्यंत वाचायची, काम, नाव, तारीख, तर नावाचा रिकामा रकाना पहिल्याच दिवशी टोचला असता. तुमच्या गँटनं वायरकट लपवलं, आमच्या डॅशबोर्डनं स्क्रिप्ट लपवली. व्ह्यू म्हणजे काहीतरी दाखवणं आणि बाकीचं झाकणं, म्हणून जितके कमी तितकं बरं.

आणि बर्नडाउनचं तर बोलूच नका. रेघ खाली यायला हवी म्हणून पोरं शुक्रवारी संध्याकाळी अर्धवट कामं डन करतात आणि सोमवारी त्याचाच बग म्हणून नवीन टिकेट काढतात. माणसं कामासाठी नाही, रेघेसाठी राबायला लागतात.

टूलरूम_भोसरी :
नऊ कामांचं वाचून पोटात गोळा आला. पण तुम्ही म्हणता ती यादी पण एक व्ह्यूच झाली ना? नावानं ग्रुप करून बघितलं असतं तर बिननावाची कामं एका गठ्ठ्यात वर आली असती. चूक फिल्टर लावून विसरण्याची आहे. आणि सहा डायची आमची यादी चारशे ओळींची होते, ती वरपासून खालपर्यंत कोण वाचणार?

साइटवरचा :
रावेतला बिल्डिंगच्या साइटवर इंजिनिअर आहे. तुमचं व्ह्यूचं भांडण राहू द्या, रिपोर्टमधल्या टक्क्यांचं बोला आधी, कारण खरा घोळ तिथंच आहे. बारा मजल्यांचं आतलं प्लास्टर, टास्कचा कालावधी चोवीस दिवस. बारा दिवस झाले की ऑफिसमधला पोरगा अपडेट मारतो आणि सॉफ्टवेअर ५०% दाखवतं, कारण त्याचा % कम्प्लीट हा कालावधीवर चालतो, कामावर नाही. मी जिना चढून मोजून आलो तर चार मजले पूर्ण, पाचव्यावर अजून भिंतीत पाइपाचे खाचे मारणं चाललेलं. प्रत्यक्ष कामाचा वेगळा कॉलम आहे, फिजिकल % कम्प्लीट म्हणून, पण तो माणसानं मोजून हातानं भरावा लागतो. त्यासाठी रोज संध्याकाळी टेप घेऊन फिरावं लागतं आणि ते कुणाला नको असतं. मोजमाप होत नसेल तर रंगीत रिपोर्ट काढूच नये, त्याच्यावर बिलं निघतात, त्याच्यावर लोक घराचा ताबा कधी मिळणार ते धरून चालतात आणि भाडं भरत बसतात.

निगडीकर_काका :
ताई, मी आता निवृत्त आहे, पण आयुष्य प्लॅनिंग खात्यात गेलं, सुरुवातीला तर ट्रेसिंग पेपरवर हातानं नेटवर्क, म्हणजे कामांचे डबे आणि त्यांना जोडणारे बाण, काढायचो. एक गोष्ट सांगतो. हेन्री गँटनं १९१० च्या दशकात तक्ते केले त्यात पट्ट्या जोडणारे बाण नव्हतेच. कुठलं काम कुठल्यावर अडलंय हा विचार क्रिटिकल पाथ आणि पर्ट या नेटवर्कच्या दोन पद्धती आल्यावर पक्का झाला, म्हणजे १९५७-५८ साली, एक ड्युपाँटच्या कारखान्यांसाठी आणि दुसरं अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. गँट आणि नेटवर्क ही दोन वेगळ्या गरजांतून आलेली दोन वेगळी चित्रं आहेत, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. तुमच्या फाइलमधे नेटवर्क डायग्राम उघडून बघा, मला खात्री आहे की पाच-सात डबे असे सापडतील ज्यांच्यातून पुढे बाणच जात नाही. असं सुटलेलं काम कितीही रखडलं तरी सॉफ्टवेअर ओरडत नाही, कारण त्याच्या हिशेबानं त्या कामाला प्रोजेक्ट संपेपर्यंत वेळ आहे. टोटल स्लॅकचा, म्हणजे काम किती दिवस रखडलं तरी प्रोजेक्ट लांबत नाही त्याचा, कॉलम लावा, जिथं आकडा अवाच्या सवा दिसेल तिथं जोडणी तुटलीय समजा.

दुसरी_पाळी :
मी मशीन शॉपला सुपरवायझर, चाकणला. सगळे शिकलेले बोलले, आता जो भरतो त्याचं ऐका. पाळी संपताना माझ्याकडं पंधरा मिनिटं असतात, त्यात पुढच्याला चार्ज द्यायचा, स्क्रॅप लिहायचा, आणि वरून मोबाईलमधे चौदा टास्कचं स्टेटस भरायचं, हात कूलंटनं (मशीनवरच्या थंड करणाऱ्या द्रवानं) ओले. भरलेलं कुठं जातं, कोण बघतं, माहीत नाही, मला परत काहीच मिळत नाही. मग मी पण काल भरलं होतं तेच भरतो, खोटं कशाला बोलू. टोयोटाचं कानबान कानबान म्हणतात ना, ते मुळात पार्टच्या पेटीवर लावलेलं कार्ड होतं, जो पेटी उचलतो त्याच्याच हातात पडणारं. तसं काही द्या, मग बघा डेटा कसा येतो.

अजून एक. आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. सॉफ्टवेअर नवीन टाकलं की त्याच्या कॅलेंडरला काम सोमवार ते शुक्रवार आणि शनिवार-रविवार बंद. आमच्या प्लॅनरनं ते बदललंच नव्हतं. दर गुरुवारी प्लॅनमधे काम लावलेलं, शेडला कुलूप, आणि शुक्रवारी मला विचारणा की मागं का पडलात.

टूलरूम_भोसरी :
दादा, तुमचं वाचून लगेच फाइल उघडली. आमच्या मुख्य कॅलेंडरला गुरुवार बंद आहे, पण मशीन रिसोर्स म्हणून टाकलेत त्यांच्या कॅलेंडरला नाही, आणि टास्कवर मशीन लावलं की तारखा मशीनच्या कॅलेंडरवर जातात. म्हणजे माझा तो ३००% चा ग्राफ पण पूर्ण खरा नव्हता. काका, तुमचे सुटलेले डबे पण सापडले, नऊ आहेत, त्यातले तीन हीट ट्रीटमेंटचे, जे काम आम्ही बाहेर देतो. तरी माझं मत तेच आहे, एका प्रिंटनं भागत नाही. आता साहेबांशी भांडायचं सोडून आधी हे दुरुस्त करते.

हिंजवडी_फेज२ :
माझंही मत बदललेलं नाही. तुम्ही आज जे दुरुस्त केलं ते पाच माणसांनी बोलून सापडलं, व्ह्यूनं आपण होऊन नाही सांगितलं. पण बिननावाच्या कामांचा गठ्ठा वर आणायचं पटलं, उद्या आमच्या बोर्डला लावतो, आणि प्रत्येक डॅशबोर्डच्या डोक्यावर फिल्टर काय आहे ते अक्षरात लिहायला लावतो.

टूलरूम_भोसरी :
दुसरी पाळीवाले दादा, एक विचारायचंय. वायरकटच्या ऑपरेटरला फक्त त्याच्या मशीनची पुढच्या दोन आठवड्यांची यादी कागदावर दिली, डाय नंबर, कधी येणार, कधी सोडायची, आणि झालं की पेननं टिक, ती टिक बघून फाइलमधे मी भरेन, तर तो करेल का?

दुसरी_पाळी :
करेल. मी तरी केलं असतं. यादी रोज बदलू नका, आठवड्यातून एकदाच बदला, नाहीतर तो बघणं सोडेल. आणि कागद मशीनच्या पॅनलच्या बाजूला लावा, टाकीच्या बाजूला नको, तिकडं पाणी उडतं, दोन दिवसांत शाई जाते.