पैसे भरतो, मॅट अंथरतो, पण बॅटिंग मिळत नाही! तुमच्या टीममध्ये हे कसं सांभाळता?

रविवारचा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची एक विकेंड टीम आहे, लेदर बॉल, २० ओव्हर. दसरा झाला की सीझन सुरू आणि मे संपला की बंद, मधे दिवाळी आणि लग्नसराईचे दोन-तीन रविवार सोडले तर दर आठवड्याला मॅच. मी गेली नऊ वर्षं सेक्रेटरी, म्हणजे ग्राउंड बुक करणारा, पैसे मागणारा आणि दोन्हीकडून शिव्या खाणारा. ग्राउंडचे सात हजार दोन टीममध्ये अर्धे अर्धे, वर बॉल, अंपायर, पाण्याचे जार, असं करून माणशी सव्वाचारशे-साडेचारशे पडतात. ग्रुपवर २३ नावं आहेत. शनिवारी रात्री १४ जण अंगठा दाखवतात आणि सकाळी सातला मोजले तर नऊ.

या सीझनला २६ खेळलो, ९ जिंकलो. ठीक आहे, आपण काय रणजीला चाललोय का. प्रॉब्लेम वेगळाच झालाय.

आमच्यात एक मेंबर आहेत, वय ४७, सगळे काकाच म्हणतात. दर रविवारी सव्वासहाला ग्राउंडवर हजर. आमच्याकडे टर्फ म्हणजे गवताचं पीच नाही, मॅटिंग आहे, म्हणजे पीचवर मॅट अंथरून खेळतो, ज्यांनी मॅट टाकलीय त्यांना माहितीये की डिसेंबरात दव पडून काथ्याची मॅट इतकी जड होते की चौघांनी ओढली तरी ढिम्म हलत नाही, आणि नीट ताणून खिळे ठोकले नाहीत तर मधे फुगा येतो आणि तिथे टप्पा पडला की बॉल थेट हनुवटीवर. हे काम काकांचं. हातोडी त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम. तर या माणसाला मागच्या आठ मॅचमध्ये बॅटिंग आली दोनदा, मिळून पाच बॉल. बोलिंग शून्य. फिल्डिंग मात्र १६० ओव्हर, एका टोकाच्या थर्डमॅनवरून (कीपरच्या मागची बाउंड्री) दुसऱ्या टोकाच्या थर्डमॅनवर चालत.

तीन आठवड्यांपूर्वी काकांनी मॅट टाकली, टॉस झाला, मग आमचे दोन स्टार गाडीतून डोळे चोळत उतरले आणि सरळ ओपनिंगला गेले. आमच्या चारच विकेट गेल्या. काका पॅड बांधून बसलेले ते शेवटपर्यंत बसूनच. काही बोलले नाहीत, पॅड सोडले, चहा घेतला, फिल्डिंग केली. रात्री ग्रुपवर एक ओळ टाकली, "पुढच्या रविवारपासून मला धरू नका."

पुढच्या रविवारी आम्ही नऊ जण आणि हातोडी नाही. दगडाने खिळे ठोकले राव. तिसऱ्या ओव्हरला मॅट सुटली.

कॅप्टनला विचारलं तर म्हणतो "मॅच जिंकायचीय की समाजसेवा करायचीय?" मला उत्तर सुचलं नाही. तुमच्याकडे बॅटिंग ऑर्डरचं काय करता?

दांडी_गुल

कॅप्टन बदला. विषय संपला.

मैदानी_म्हातारा

दांडीगुल, कॅप्टन बदलून काय होतं, नवा कॅप्टनपण दुसऱ्या मॅचला हेच करतो. मी स्वतः केलंय.

मी मुंबईचा, वीसेक वर्षं कांगा लीग खेळलो, खालच्या डिव्हिजनलाच, उगाच गैरसमज नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही १९४८ पासूनची लीग, डॉक्टर होरमसजी कांगांच्या नावाने, आणि मुद्दाम पावसाळ्यात खेळतात. पीच उघडं, आऊटफिल्डला घोट्याएवढं गवत. तिथे जमिनीलगत मारलेला सुंदर कव्हर ड्राइव्ह वीस पावलांवर चिखलात रुतून बसतो आणि आडव्या बॅटने उचलून मारणाऱ्याला चार मिळतात. मग ज्याचं टेक्निक बघून आपण तोंडात बोटं घालायचो तो सहावर आऊट आणि दहा नंबरवाला, ज्याला नेटमध्ये कोणी बॉल टाकत नव्हतं, तो १८ करून मॅच काढून जायचा. तेव्हा "स्टार" कोण हे पावसाळ्यात तरी ठरवू नये असं आम्ही शिकलो.

आझाद मैदानावर तर एकाच्या मैदानात दुसऱ्याचं मैदान. आपला बाउंड्रीवरचा डीप मिडविकेट म्हणजे शेजारच्या मॅचचा जवळजवळ स्लिपचा, कीपरशेजारचा फिल्डर, बॉल कुठल्या मॅचचा आला ते आधी बघायचं मग पळायचं. तिथेच ८८ साली तेंडुलकर-कांबळीने ६६४ ची पार्टनरशिप केली, आणि माझ्या डोक्यात कायम एकच येतं की ज्यांनी पॅड बांधून त्या ६६४ बघितल्या त्यांचं काय झालं असेल. तुमच्या काकांचे भाऊबंद.

पण एक सांगतो, राग मानू नका. लीग असेल तर बॅटिंग पाळीपाळीने वाटायची नाही. तिथे पॉइंट असतात, दहा नंबरवाल्याने दहालाच जायचं, मीही गेलोय आणि त्यात कमीपणा वाटला नाही. तुमची गडबड ही आहे की तुम्ही खेळताय फ्रेंडली आणि वागताय लीगसारखं. २६ पैकी खऱ्या टूर्नामेंटच्या किती?

आणि फ्रेंडलीत अकराच कशाला हवेत? क्रिकेटच्या कायद्यात पहिल्याच कलमात आहे, दोन्ही कॅप्टन कबूल असतील तर अकरापेक्षा कमी किंवा जास्त माणसांनी खेळता येतं, फक्त मैदानात एका वेळी अकराच्या वर फिल्डर नकोत. आम्ही सर्रास तेरा-तेरा खेळायचो. दोघं आलटून पालटून बाहेर बसून चहा प्यायचे. वाटणीचे पैसेपण कमी पडतात.

वहीवाली

मी खेळत नाही, आमच्या ह्यांच्या टीमचं स्कोअरिंग करते, आधी वहीत आणि आता क्रिकहिरोज ॲपवर, नाव वहीवालीच राहिलं. पॅव्हेलियन म्हणजे आमच्याकडे एक शेड आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक माझी, त्यामुळे कोण किती वेळ पॅड बांधून बसलं आणि बसून काय बोललं हे मला कॅप्टनपेक्षा जास्त माहिती असतं.

सेक्रेटरी, तुम्ही काकांच्या आठ मॅच मोजल्यात ते बरं केलंत पण बाकी २२ जणांचं मोजलंय का? ॲपवर सगळं पडलेलं असतं हो. मी मागच्या सीझनला एक साधा तक्ता केला, नाव, किती मॅचला आला, किती बॉल खेळला, किती बॉल टाकले. रन आणि विकेट मुद्दाम लिहिल्या नाहीत. तो ग्रुपवर टाकला आणि दोन तास ग्रुप एकदम गप्प. नंतर आमच्या कॅप्टनचाच फोन आला की वहिनी हे डिलीट करा. केलं नाही.

दुसरं, बोलिंगची लिमिट. २० ओव्हरमध्ये एकाला चार दिल्या की पाच जणांत काम संपतं आणि बाकीचे सहा नुसते उन्हात. फ्रेंडलीत एकाला तीनच ठेवा, निदान सात जणांना बॉल हातात द्यावाच लागतो. समोरच्या टीमशी आदल्या दिवशी बोलून ठेवायचं, कोणी नाही म्हणत नाही कारण त्यांच्याकडेही काका असतातच.

आणि टूर्नामेंटचा विषय निघालाच आहे तर नेट रनरेटचं, म्हणजे दर ओव्हरमागे आपण केलेल्या आणि समोरच्यांनी केलेल्या रनच्या फरकाचं, एकदा लिहून टाकते कारण दर टूर्नामेंटला यावरून भांडण होतं. समजा २० ओव्हरच्या मॅचमध्ये तुम्ही १४.२ ओव्हरमध्ये ९६ वर ऑलआऊट झालात, तर भागायचं पूर्ण २० ने, म्हणजे ४.८०. १४.२ ने भागून ६.७० काढून नाचायचं नाही. समोरच्यांनी १२.३ ओव्हरमध्ये ९७ केले तर त्यांचे भागिले १२.५, कारण .३ म्हणजे तीन बॉल, अर्धी ओव्हर. म्हणजे ७.७६. फरक उणे २.९६. एक इंजिनियर माणूस माझ्याशी वीस मिनिटं वाद घालत होता की पॉइंट तीन म्हणजे पॉइंट तीन.

हिंजवडी_नाइट_शिफ्ट

मी तो गाडीतून डोळे चोळत उतरणारा. म्हणजे तुमच्या टीमचा नाही, पण आमच्या टीममध्ये तो मीच.

शनिवारी रात्री दोनला लॉगआऊट होतो, घरी पोचून झोपेपर्यंत साडेतीन, सहाचा अलार्म. सातच्या टॉसला पोचलो तरी मला स्वतःला जिंकल्यासारखं वाटतं आणि त्यात कोणी म्हणालं की मॅट टाकायला आला नाहीस तर डोकं जातं. हे झालं माझं रडगाणं. पण खरं सांगायचं तर ओपनिंगला पाठवतात ना, ते मी कधीच मागितलेलं नाही, कॅप्टन म्हणतो जा आणि मी जातो, मागे कोण बसलंय ते बघायची वेळच येत नाही. आमच्याकडे पण एक जण आहे, ५२ वय, गुडघ्याला कायम पट्टा. हे वाचून मी आठवायला लागलो की त्याला बॅटिंग करताना मी शेवटचं कधी पाहिलं आणि मला आठवेना.

तीस रन झाले की रिटायर होऊन, म्हणजे आऊट न होताच, दुसऱ्यासाठी बाहेर यायला मला काही वाटणार नाही. पण मी आऊट ऑफ फॉर्म असेन तेव्हा पण पहिला चान्स हवा हे मात्र मनात असतं, खोटं कशाला बोलू.

लीड्सचा_लेगबाय

इकडे यॉर्कशायरमध्ये मी एका गावच्या क्लबला खेळतो. एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबर, त्यातले चार रविवार पाऊस खातोच. आमच्याकडे शनिवार म्हणजे लीग, तिथे मैदानी_म्हातारा म्हणतात तसं सगळं कडक. रविवारी फ्रेंडली, ३५ ओव्हर, मधे टी, म्हणजे सँडविच, केक आणि किटलीतला पांचट चहा. इराण्याचा चहा आठवून डोळे मिटून प्यायचा.

रविवारी आमचा नियम, पन्नास झाले की रिटायर. बाकीचे सगळे संपले तर परत जाता येतं. आणि शनिवारी ज्याला बॅटिंग मिळाली नाही तो रविवारी पहिल्या चारात, हे कुठे लिहिलेलं नाही पण कॅप्टन पाळतोच. अंपायरिंग बॅटिंग टीमचेच लोक करतात, दहा ओव्हर तू दहा ओव्हर मी, त्यामुळे स्वतःच्याच ओपनरला एलबीडब्ल्यू आऊट देण्याची हिंमत लागते. मी एकदा दिला होता. सहा वर्षं झाली, अजून चेष्टा होते.

पण एक गोष्ट तुमच्याकडे करून बघा, पिचचं काम. इथे रोलर फिरवायला, कव्हर ओढायला आलेल्याचं नाव बोर्डावर लिहितात. कोणी आलं नाही तर तेही दिसतं. तुमच्या काकांचं नाव गेल्या नऊ वर्षांत कुठे लिहिलं गेलंय का?

रविवारचा_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. वहीवाली ताईंचं ऐकून तक्ता केला. सगळ्यात जास्त मॅचला हजर काका, २६ पैकी २३. सगळ्यात कमी बॉल खेळलेलेही तेच. गंमत म्हणजे खालून दुसरा मी निघालो, नऊ वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मैदानी_म्हातारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, टूर्नामेंटच्या मॅच फक्त सात.

तक्ता ग्रुपवर टाकायची हिंमत झाली नाही, कॅप्टनला एकट्याला दाखवला. तो बराच वेळ मोबाईलवर बोट वरखाली करत होता, मग म्हणाला की तीन ओव्हरची लिमिट चालेल, रिटायर तीसला नको चाळीसला करू. आणि काकांना फोन तू कर, मी नाही करणार. म्हटलं शिव्या माझ्या नशिबी आहेतच. फोन केला तर काकू म्हणाल्या, ते गच्चीवर आहेत, टाकीचं काहीतरी ठोकत बसलेत.

काका आले या रविवारी. सव्वासहाला. मॅट टाकली. समोरची टीम १२-१२ ला लगेच तयार झाली. आम्हाला पहिली बॅटिंग, काका वनडाऊन, म्हणजे तीन नंबरला. दुसऱ्याच ओव्हरला विकेट पडली, काका हेल्मेट घालून गेले, आम्ही बाहेरून टाळ्या वगैरे. ओव्हर संपलेली, म्हणून काका नॉनस्ट्रायकरला, म्हणजे बोलरच्या टोकाला. पुढचा पहिलाच बॉल आमच्या ओपनरने सरळ मारला, बोलरच्या बोटाला निसटता लागला आणि जाऊन नॉनस्ट्रायकरचे स्टंप उडवले. काका क्रीजच्या दोन पावलं बाहेर. शून्य बॉल शून्य रन रनआऊट.

अख्ख्या शेडमध्ये कोणी कोणाकडे बघेना. काका आले, हेल्मेट काढलं, म्हणाले "बॅट टेकवायला हवी होती" आणि पाणी प्यायले. नंतर बोलिंगला तीन ओव्हर दिल्या, २९ गेले आणि एक विकेट, तीही फुलटॉसवर लाँगऑनला कॅच. मॅच हरलो. निघताना हातोडी डिकीत टाकताना मला म्हणाले की खिळे गंजलेत, नवे आणायला हवेत, पैसे टीमच्या खात्यातून देणार का मी आणू?

वहीवाली ताई, एक शंका. हा डाव तुमच्या तक्त्यात कसा धरायचा, बॅटिंग मिळाली की नाही मिळाली?

वहीवाली

मॅच धरा, बॉल शून्य. म्हणजे पुढच्या रविवारी वनडाऊन परत तेच.

दांडी_गुल

ओपनिंगला पाठवा आणि पहिला बॉल त्यांनाच खेळू द्या. नॉनस्ट्रायकरला उभंच करू नका.